तीन वाजताचा आकडा

३ सप्टेंबर

आलो एकदाचा! बसमधून उतरलो तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात खात्याचं लाकडी खोकं आणि काखेत छत्री. हा अवतार बघून धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका बाईनं विचारलं, दात काढायला आलात का? खोक्यात दातांच्या डॉक्टरची हत्यारं असतील असं तिला वाटलं. मी म्हटलं, नाही हो, हवेचा दाब मोजायला आलोय. ती म्हणाली, मग दातवालाच बरा होता, माझी दाढ दुखतेय.

खोली दोरखंडाच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की आधी खोकं वर ढकललं आणि मग मी चढलो. खिडकीतून बर्फाचा कारखाना दिसतो, डिझेलचा पंप दिसतो आणि माझी बोट दिसते. 'माझी' म्हणजे तांडेलांची, बोट हाकणाऱ्या मालकांची, मी नुसता पाहुणा. हवामान खात्याकडे समुद्रात फिरायला एकच जहाज, तेही निम्मं वर्ष दुरुस्तीत पडलेलं. म्हणून आता मासेमारीच्या बोटींवर आमच्यासारखी माणसं बसवून समुद्राचे आकडे गोळा करायचं ठरलंय. बोटी तशाही जातातच, आम्ही आपले फुकटचे स्वार.

ही वही ताईनं दिली. शाळेत शुद्धलेखनाची आठवड्याची पानं मी शुक्रवारी एका बैठकीत उरकायचो, आणि रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून दोन पेनं आलटून पालटून वापरायचो. ताईला ते माहीत होतं, पण तिनं आईला कधी सांगितलं नाही. वही हातात देताना म्हणाली, यात तरी रोजचं रोज लिही आणि खरं लिही. घ्या बाईसाहेब, लिहितोय.

६ सप्टेंबर

पहिली खेप, चार दिवसांची. बोटीवर आम्ही चौघं. तांडेल साठीचे, बोलायला कंजूष, मला साहेब म्हणतात. इंजिनवाले काका तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून निम्मे बहिरे झालेत, त्यामुळे भांडण कोणाशीच होत नाही. आणि स्वयंपाक करणारा मिठ्या. त्याला मीठ टाकलं की नाही हे कधीच आठवत नाही, म्हणून तो खात्रीसाठी दोनदा टाकतो.

काम सोपं आहे. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तीन तासांनी हवेचा दाब, वारा आणि पाण्याचं तापमान नोंदवहीत लिहायचं. दाबमापक मागच्या लांबट खोलीत टोकाच्या भिंतीला लावलंय, इंजिनाची थरथर लागू नये म्हणून. पितळी आणि गोल. मिठ्या त्याला एका काट्याचं घड्याळ म्हणतो. आकडा उतरू लागला की वादळ जवळ आलं, एवढं त्यालाही कळतं.

दुसरी वस्तू म्हणजे नळी. वितभर पोलादी नळी जाळ्याच्या वरच्या दोराला बांधायची. ती जाळ्याबरोबर खाली जाते आणि किती खोल गेली, तिथलं पाणी किती गार होतं, हे टिपत राहते. नळी पाण्याबाहेर आली आणि माझ्या बाकड्याशेजारी ठेवलेल्या पेटीच्या पन्नास पावलांत असली, की तिचे आकडे आपोआप पेटीच्या पडद्यावर उतरतात. पाण्यात असेपर्यंत ती मुकी. अशा दोन नळ्या आहेत. पहिली आमच्या जाळ्याला, दुसरी तांडेलांच्या धाकट्या भावाच्या जाळ्याला. धक्क्यावर दोन्ही बोटी शेजारी लागल्या की पेटी दोघींचं ऐकून घेते.

१२ सप्टेंबर

पोट आता शहाण्यासारखं वागतंय. आज दोन वेळा जेवलो आणि दोन्ही वेळा ते पोटातच राहिलं.

धाकट्याशी दोस्ती झाली. चाळिशीचा गडी, हसला की डोळे गायब. त्याच्या बोटीवर तो धरून पाच जण. पहिल्याच खेपेत माझा चष्मा लाटेनं जाता जाता वाचला, तर धक्क्यावर परतल्यावर त्यानं जाळ्याच्या सुताची दोरी विणून आणली आणि स्वतःच्या हातानं चष्म्याला बांधली. म्हणाला, साहेब, तुमचे डोळे आता आमचेपण आहेत, सांभाळा.

ते खरंच आहे, कारण इथं सगळं तीन वाजता ठरतं. धाकटा आमच्यापेक्षा दोन तास पुढं जाऊन जाळी टाकतो. दुपारी तीनला तो वायरलेसवर विचारतो, दादा, दाब किती? तांडेल वरून मला हाक मारतात, मी आकडा सांगतो, तांडेल त्याला सांगतात. आकडा चांगला असला की तो म्हणतो, बरं, मग अजून एक जाळं टाकतो. उतरलेला असला की बोट वळवतो. पूर्वी हे आभाळ बघून ठरवायचे. आता आभाळाऐवजी मी आहे म्हणे! छाती फुगली माझी.

खरं लिहायचं कबूल केलंय म्हणून लिहितो. काल सकाळी नऊला पाऊस होता. खोलीतल्या माझ्या बाकड्यापासून दाबमापकापर्यंत आठ पावलं आहेत, मी मोजलीत. ती आठ पावलं गेलो नाही. सहाचाच आकडा नवाला लिहिला, अंदाजपंचे. बाराला पाहिलं तर तोच निघाला. म्हणजे तसं खोटं लिहिलंच नाही म्हणायचं. आळस पाचवीलाच पुजलेला माझ्या, त्याला कोण काय करणार.

१९ सप्टेंबर

काय लिहू. कसं लिहू.

बाराला दाब पाहिला होता. एक हजार बारा. ऊन होतं, वारा नव्हता, मिठ्यानं चुकून मीठ बरोबर टाकलं होतं म्हणून दोन घास जास्त जेवलो आणि आडवा झालो. तीनला तांडेलांनी वरून हाक मारली, साहेब, दाब किती? मी जागा होतो. झोपेत होतो असं म्हणायची सोय नाही. कूस बदलली आणि ओरडून सांगितलं, एक हजार बारा.

वर वायरलेस खरखरला. धाकट्याचा आवाज मला बाकड्यावरून ऐकू आला. बरं, मग अजून एक जाळं टाकतो.

साडेचारला बोट एकदम कलंडली. मी ती आठ पावलं धडपडत गेलो. नऊशे अठ्ठ्याण्णव. इतका काटा साडेचार तासांत उतरतो म्हणजे तीनला तो उतरत असणारच, आणि ते स्वच्छ दिसलं असतं. आमचा मासळीचा खण भरला होता म्हणून आम्ही आधीच परत निघालो होतो. कसेबसे आत शिरलो. तांडेल शेवटपर्यंत वायरलेसवर भावाला हाका मारत होते.

धाकट्याची बोट आली नाही.

२० सप्टेंबर

नाही आली.

खात्यानं नोंदवही मागितली. तीन वाजताचा रकाना रिकामा होता. मी त्यात १०१२ लिहिलं. बाराचं काळ्या पेनानं होतं, म्हणून हे निळ्यानं लिहिलं, वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून.

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

२५ सप्टेंबर

फळ्या सापडल्या, एक डबा सापडला. माणसं नाहीत. पाच जण.

वरिष्ठांचं पत्र आलं. इतक्या झपाट्यानं आलेल्या वादळाची नोंद दुर्मीळ आहे, तुमचे आकडे मोलाचे आहेत. शाबासकी! पत्र घडी घालून खोक्याच्या तळाशी ठेवलं.

धक्क्यावर लोक बोलू लागलेत की धाकट्याला हाव नडली. दादा परत फिरला आणि हा जाळं टाकत बसला, चार घरांचे पुरुष बरोबर घेऊन गेला. मी दुकानात उभा राहून हे ऐकलं आणि साबण घेऊन घरी आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज धाकट्याच्या बायकोनं बोलावलं. वहिनी रडत नव्हत्या, भांडी पुसत होत्या. पुसलेलीच भांडी परत पुसत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा, ते हावरट होते का? मी म्हटलं, नाही वहिनी, तीन वाजता दाब चांगला होता, वादळ अचानक आलं. त्यांनी एक पुठ्ठा आणि पेन पुढं केलं. म्हणाल्या, एवढंच लिहून द्या. मी लिहिलं. तीन वाजता, १०१२. खाली सही केली. त्यांनी तो पुठ्ठा दाराशेजारी भिंतीवर टाचला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे म्हणाल्या. मुलीला वाचून दाखवला.

निघताना माझ्या चष्म्याच्या दोरीला हात लावून म्हणाल्या, हे त्यांचंच काम ना?

२ ऑक्टोबर

पुन्हा समुद्रात. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. तांडेल आणखी कमी बोलतात. मिठ्या आता एकदाही मीठ टाकत नाही आणि कुणी तक्रार करत नाही.

आता मी दर वेळी आठ पावलं जातो. काच पुसतो, काट्यावर नाक टेकेपर्यंत बघतो. वरातीमागून घोडं.

दुपारी तीनला दाब लिहीत होतो, तेव्हा शेजारी पेटी वाजली. नवीन आकडे आले की ती एकदाच बारीक वाजते. आमची नळी तेव्हा जाळ्याबरोबर पाण्यात होती. पडद्यावर ओळ होती: नळी दोन, खोली ८८ मीटर.

नळी दोन धाकट्याच्या जाळ्याला होती. ती पाण्याबाहेर असल्याशिवाय बोलत नाही, आणि पन्नास पावलांत असल्याशिवाय ऐकू येत नाही. डेकवर गेलो. चारी बाजूंना सपाट पाणी, लख्ख ऊन. एक पक्षीसुद्धा नाही.

जुने आकडे पेटीत अडकले असतील. यंत्रच ते.

३ ऑक्टोबर

तीन वाजता पेटी वाजली. नळी दोन, खोली ६१.

काल रात्री मी पेटीतले सगळे जुने आकडे पुसले होते.

आणखी एक. आज दाब सकाळपासून १०१२ आहे. सहाला, नवाला, बाराला, तीनला. काचेवर टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथंच आला. हवेचा दाब दिवसातून दोनदा थोडा वरखाली होतोच, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तो असा खिळ्यानं ठोकल्यासारखा राहत नाही.

४ ऑक्टोबर

तीन वाजता. खोली ४०.

वर येतंय काहीतरी. रोज वीसेक मीटर.

सहाला, नवाला, बाराला दाब १०१२. तीनला १०१२. मी आता दाब बघतोय की दाब मला बघतोय, कळत नाही. तांडेलांना सांगावं असं दहा वेळा वाटलं. व्हीलहाऊसच्या, म्हणजे वरच्या सुकाणूच्या केबिनच्या, दारापर्यंत गेलो. ते पाठमोरे होते, वायरलेसजवळ वाकून हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी परत फिरलो.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

५ ऑक्टोबर

१७ मीटर.

आमचं जाळं वर आलं तेव्हा रिकामं होतं. एक मासा नाही. फक्त वरच्या दोराला, नळीच्या बाजूला, एक सुताची दोरी गाठ मारून बांधलेली होती. चष्म्याला बांधतात तेवढी. मिठ्यानं ती सोडवली आणि मला आणून दिली, तुमची पडली वाटतं म्हणून.

माझी माझ्या गळ्यात आहे.

६ ऑक्टोबर, सकाळ

सांगितलं.

झोप लागली नाही, सहाचा दाब १०१२, आणि मला ते आणखी सहन होईना. व्हीलहाऊसमध्ये जाऊन सांगितलं की त्या दिवशी मी पाहिलंच नव्हतं. बाकड्यावरून उठलो नव्हतो. आकडा बाराचा होता. नोंदवहीतला रकाना दुसऱ्या दिवशी भरला. वहिनींच्या भिंतीवरचा पुठ्ठा खोटा आहे.

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

म्हणाले, आपण या खेपेला समुद्रात आलो त्या दिवसापासून तो रोज तीनला विचारतो. वायरलेसवर. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय, म्हणून कुणाला बोललो नाही. पहिल्या दिवशी मी त्याला आजचा दाब सांगितला. तो म्हणाला, दादा, आजचा नको, त्या दिवशीचा सांग. मी तुझ्या नोंदवहीतला सांगितला, एक हजार बारा. तो म्हणाला, बरं, मग अजून एक जाळं टाकतो. रोज तेच विचारतो. रोज मी तेच सांगतो. आणि तो रोज जाळं टाकतो.

मला आजवर ते साहेब, तुम्ही म्हणायचे. आज म्हणाले, तू. आज त्याला तू सांग. पाहिलं नाही म्हणून सांग. खरं कळलं की वळेल तो, माझा भाऊ आहे.

मी हो म्हटलं. हे एवढंसं वाक्य. मी पाहिलं नाही. एवढंच तर म्हणायचंय.

६ ऑक्टोबर, पावणेतीन

मागच्या खोलीत बसलोय. तांडेलांनी हातात धरायचा छोटा वायरलेस माझ्या मांडीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. ते, काका आणि मिठ्या पुढच्या टोकाला बसलेत, माझ्याकडे पाठ करून. इंजिन बंद आहे. काकांना सगळं सांगावं लागलं नाही, तांडेलांचं तोंड बघूनच त्यांनी बंद केलं.

आमचं जाळं डेकवर गुंडाळून ठेवलंय. नळी एक काढून समोर खिळ्याला टांगलीय. कोरडी.

मी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही. मोठ्यानं म्हणून बघितलं. जमतंय.

ताई, हे झालं की वहिनींकडे जाऊन तो पुठ्ठा काढीन. खात्याला कळवीन. दोन पेनांचं पण सांगीन. देवाशपथ.

तीन

पेटी वाजली. नळी दोन. खोली शून्य.

वायरलेस खरखरतोय —

तीन वाजून काहीतरी

त्याचाच आवाज. तसाच, हसरा. आधी विचारलं, साहेब, चष्मा नीट आहे ना? मी हो म्हटलं. मग म्हणाला, तुम्ही आहात म्हटल्यावर काळजी नाही. त्या दिवशी दाब किती होता हो?

त्याच्या बोलण्यात जराही राग नव्हता. कसं सांगणार त्याला? चार माणसं बरोबर घेऊन तो माझ्या भरवशावर — शब्द ओठांवर होते. मी पा — इथपर्यंत आलो —

तोंडातून निघून गेलं. एक हजार बारा.

का? ताई, का? कुणी विचारलं की माझं तोंड आपोआप —

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, बरं. मग अजून एक जाळं टाकतो.

मी ओरडलो, नाही, थांब, मी पाहिलं नाही, मी पाहिलंच नाही! वायरलेस बंद पडला होता. बटण दाबत राहिलो. बंद.

बोटीखालून दोर ताणल्याचा आवाज येतोय. आधी डावीकडून. आता दोन्हीकडून. तांडेल पुढून ओरडून विचारतायत, सांगितलंस का? सांगितलंस का खरं?

मी उत्तर दिलेलं नाही

पेटी वाजली. नळी एक. ती माझ्यासमोर खिळ्याला आहे, कोरडी, मी हात लावून बघितलं. पेटी म्हणते खोली ४ मीटर.

खिडकीबाहेर ऊन आहे. मिठ्या उभा राहिलाय, पाण्याकडे बघतोय —

११ मीटर. कानांत दडे बसतायत.

खिडकीतलं ऊन हिरवं

दाबमापकाकडे गेलो. आठ पावलं. मोजली. काटा १०१२ वरून सुटलाय. खाली चाललाय, त्या दिवशी उतरला तसाच. मी स्वतः पाहतोय. पाहून लिहितोय ताई, यातला एकही आकडा —

१९

तांडेल दार ठोठावतायत, की बाहेरून कोणी —

२७. पाहून लिहिलंय. ३